इतर हक्क

"सर्व्हर डाऊन आहे मॅडम. परत एकदा मारू का?"

दुकानातल्या पोरानं हे इतकं सहज विचारलं की मीही तितक्याच सहज 'मार' म्हणून मोकळी झाले. जुलै महिना, घरभर ओल्या कपड्यांचा कुबट वास, दोरीवरचं काढून खुर्चीवर आणि खुर्चीवरचं काढून पंख्याखाली. अशात चौदा वर्षं राबलेलं आमचं वॉशिंग मशीन बसलं. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडून आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना घेतात तसं मला जरा बाजूला घेतलं. नवीन मशीन 31,490 रुपयांचं. कार्ड मारलं, पिन टाकला, स्वाइप मशीनच्या पडद्यावर ठिपके पळत राहिले, पळत राहिले, आणि शेवटी 'टाइम आउट'. कागद काही आला नाही. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा करकर करत चार्ज स्लिप बाहेर आली. पोरानं ती फाडून बिलाला टाचली आणि 'उद्या दुपारी डिलिव्हरी' असं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मेसेज मात्र दोन आले होते. ते मी रिक्षात बसल्यावर पाहिले.

ॲप उघडलं. एकूण शिल्लक 71,260. तिच्याखाली उपलब्ध शिल्लक 8,280. या दोन ओळी इतकी वर्षं मला दिसत होत्या, पण दोन्हींत आकडा नेहमी सारखाच असायचा, त्यामुळे एकाच गोष्टीला दोन ओळी कशाला, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता दोन्हींच्या मध्ये 62,980 रुपयांची दरी होती. त्यातले अर्धे मी स्वखुशीनं दिले होते. उरलेले अर्धे कुणालाच दिले नव्हते आणि तरी ते माझे राहिले नव्हते. तारीख होती 3. घराच्या कर्जाचा 23,600 चा हप्ता जायचा 5 तारखेला, याच खात्यातून.

हेल्पलाइनवर आधी गाणं ऐकलं, मग भाषा निवडली, मग पुन्हा गाणं. शेवटी एका मुलानं 'चोवीस ते बहात्तर तासांत आपोआप सुटतील' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेले. काउंटरवरची बाई बिचारी चांगली होती. स्क्रीन बघून म्हणाली, "मॅडम, घाबरू नका. पैसे गेलेले नाहीत. तुमच्याच खात्यात आहेत. फक्त लीन मार्क झालंय, म्हणजे रोखून ठेवलेत."

लीन. संतांच्या अभंगात माणूस विठ्ठलचरणी लीन होतो, तसे माझे एकतीस हजार कुणाच्या तरी चरणी लीन होऊन बसले होते. कुणाच्या, ते बाईलाही माहीत नव्हतं. 'उद्यापर्यंत सुटायला हवेत' एवढंच ती म्हणाली. तिच्या त्या 'हवेत'वर मी विसंबून राहिले, ही माझी चूक. यांच्याकडून पंधरा-सोळा हजार मागून खात्यात टाकले असते तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे असताना नवऱ्याकडे का मागा, असा एक ताठा असतो ना, तो नडला.

घरी येताना मात्र मला तो शब्द आठवला, जो या सगळ्यासाठी आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होता. बोजा.

कराडजवळ आमचं गाव. आप्पांचं साडेतीन एकर, त्यात ऊस. लहानपणी तलाठ्याकडून आणलेला सातबाऱ्याचा उतारा मी त्यांना वाचून दाखवायची, कारण चष्मा घरी विसरायची त्यांना सवय होती आणि मला रकाने वाचायला आवडायचं. भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, आणि मग 'इतर हक्क'. त्या रकान्यात लिहिलेलं असायचं, विकास सोसायटी, इकरार बोजा, अमुक रुपये, आणि शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. मी एकदा विचारलं होतं, की जमीन तुमची तर हे लोक मध्येच कुठून आले? आप्पा म्हणाले, "जमीन आपलीच. पण हात लावायचा म्हटलं तर त्यांना विचारून."

कर्ज फिटलं की त्या नोंदीला कंस व्हायचा. खोडून टाकत नसत, कंसात घालत. म्हणजे इथे एकेकाळी कुणाचा तरी हक्क होता, हेही वाचणाऱ्याला दिसत राहायचं. मला अजूनही ही पद्धत फार सभ्य वाटते. सातबाऱ्याला आपल्याकडे लोक शिव्या देतात, आणि त्या द्यायला कारणंही भरपूर आहेत. पण कुणाचा हक्क, किती रकमेचा, कोणत्या नोंदीनं, हे तो एका कागदावर सांगतो. माझं बँकेचं ॲप शिल्लक सांगत होतं, अडकलेली रक्कम सांगत होतं. ती कुणासाठी अडकली, कधीपासून, कधीपर्यंत, याचा रकानाच त्यात नव्हता.

ते दिवस मी बरंच वाचलं. रागानं वाचलेलं लक्षात राहतं.

कार्ड मारणं म्हणजे पैसे देणं, असं मी समजत होते. तसं नसतं. कार्ड मारणं म्हणजे पैसे देण्याचा शब्द देणं. दुकानातलं मशीन दुकानदाराच्या बँकेला विचारतं, ती बँक रूपे किंवा व्हिसासारख्या जाळ्यातून माझ्या बँकेला विचारते, की कार्ड खरं आहे का, पिन बरोबर आहे का, एवढी शिल्लक आहे का. माझी बँक 'हो' म्हणते आणि म्हणता म्हणता तेवढी रक्कम बाजूला काढून तिच्यावर हात ठेवते. पैसे अजून कुठेच गेलेले नसतात. रात्री दुकानदार दिवसभराचं सेटलमेंट पाठवतो, मग हिशेब जुळतात, मग रक्कम खरोखर हलते. आमच्याकडे बैलजोडी ठरली की इसार द्यायचे, शंभर-दोनशे रुपये. व्यवहार तिथेच बांधला जायचा, बाकीचे पैसे आठवड्यानं. फरक एवढाच की इसार लहान असतो आणि कार्डाचा इसार पूर्ण किमतीएवढा.

गंमत म्हणजे हे 'विचारणं' पूर्वी माणसं करायची. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावात बँक ऑफ अमेरिकेनं लोकांना टपालानं कार्डं पाठवून दिली, त्या काळात खरेदी जरा मोठी असली की दुकानदार फोन उचलायचा आणि पलीकडून 'द्या' असं सांगेपर्यंत गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं असायचं. 1973 मध्ये, पुढे व्हिसा या नावानं ओळखल्या गेलेल्या संस्थेनं त्या फोनच्या जागी संगणक बसवला. आता ते सगळं दोन-तीन सेकंदांत होतं, पण प्रश्न तोच आणि उत्तरही तेच.

माझ्या बाबतीत झालं असं की माझ्या बँकेनं 'हो' म्हटलं आणि तो 'हो' वाटेत हरवला. दुकानातल्या मशीननं वाट पाहिली आणि हात वर केले. अशा वेळी 'तो व्यवहार झालाच नाही, सोडा' असा उलटा निरोप मागे जायला हवा. तोही पोचला नाही. मग माझी बँक शब्दाला जागत त्या एकतीस हजारांवर हात ठेवून बसली, जो दुकानदार पैसे मागायला येणारच नव्हता त्याची वाट बघत. दुकानदाराची लबाडी नव्हती. त्याच्या कागदांत तो पहिला व्यवहार नव्हताच. मी दुकानात जाऊन विचारलं तेव्हा त्यानं मला त्या दिवसाच्या सेटलमेंटची लांबलचक पट्टी उलगडून दाखवली, त्यात माझं नाव एकदाच. वर चहाही पाजला.

5 तारखेला सकाळी साडेसातला, पोळ्या चालल्या होत्या तेव्हा, मेसेज आला. अपुऱ्या शिलकीमुळे हप्ता परत गेला. त्याच वेळी ॲपमध्ये एकूण शिल्लक दिसत होती 39,770. अपुरी!

हप्ता परत गेल्याचे कर्ज देणाऱ्यांनी 500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी लावले. परत पाठवण्याचे माझ्या बँकेनंही 500 अधिक जीएसटी लावले. म्हणजे 590 इकडे आणि 590 तिकडे. मी कुणाचा एक रुपया बुडवला नव्हता, कुणाकडून एक रुपया जास्त घेतला नव्हता, आणि 1,180 रुपयांचा दंड भरला. आणि हप्त्यासाठी शेवटी यांच्याकडे मागितलेच. ते काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

आता जरा नियमाचं सांगते, कारण मला तो बँकेतल्या कुणी सांगितला नाही. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं एक परिपत्रक आहे, ते त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून लागू झालं. फसलेल्या व्यवहाराचे पैसे किती दिवसांत परत आले पाहिजेत, याचं त्यात कोष्टकच दिलेलं आहे. दुकानात कार्ड मारलं, खात्यातून रक्कम गेली आणि दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून वजा झाल्या, तरी पाच दिवस. यूपीआयनं एखाद्या माणसाला पाठवलेले पैसे लटकले तर एक दिवस, दुकानदाराला पाठवलेले लटकले तर पुन्हा पाच. आणि हे दिवस साधे कॅलेंडरचे, त्यात रविवार आणि सणवार वजा होत नाहीत. मुदत उलटली की दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती गिऱ्हाइकानं मागण्याची वाट न बघता आपणहून द्यायची.

माझे पैसे सुटले 11 तारखेला. 8 ला सुटायला हवे होते. तीन दिवस, 300 रुपये.

मी मेल लिहिला. उत्तर आलं की सदर रक्कम खात्यातून वजा झालेली नसून केवळ रोखून धरण्यात आली होती, सबब भरपाई लागू होत नाही. हे उत्तर वाचून मला एकदम आमच्या गावचा एक सावकार आठवला. 'मी भांडी जप्त केली नाहीत, फक्त आमच्याकडे ठेवली आहेत' असं तो म्हणायचा. मी पुन्हा लिहिलं की जी रक्कम मला काढता येत नाही, जी नाही म्हणून तुम्हीच माझा हप्ता परत पाठवलात, ती वजा झाली नव्हती तर मग अपुरं काय पडलं? सोबत दोन्ही आकड्यांचा स्क्रीनशॉट, दुकानदाराच्या पट्टीचा फोटो, आणि बारा आकडी आरआरएन नंबर. हा नंबर प्रत्येक व्यवहाराला असतो आणि तो सांगितला की समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. फेरफाराचा नंबर सांगितल्यावर तलाठ्याचा बदलायचा तसाच. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही शेवटी एका ओळीत लिहिलं. धमकी म्हणून नाही. बरं, थोडीशी धमकी म्हणूनच.

नवव्या दिवशी खात्यात 300 रुपये आले. त्याबरोबर एक शब्दही नाही. नंतर बँकेनं आपले 590 'सद्भावनेपोटी' परत केले. कर्जवाल्यांनी केले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांचा या भानगडीशी काय संबंध? त्या परिपत्रकात उशिराची किंमत लिहिली आहे. उशिरापायी पुढे जे कोसळतं त्याची किंमत कुणी लिहिलेली नाही.

आप्पांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. उसाचा कायदा त्यांना पाठ होता. ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत बिल दिलं पाहिजे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. आप्पांनी किती तरी हंगाम महिना-महिना, कधी त्याहून जास्त वाट पाहिली. व्याज त्यांनी कधी मागितलं नाही. "मागायचं कुणाला? पुढच्या वर्षी तोड त्यांच्याकडूनच यायची हाय की." बिल आलं तरी ते आधी जिल्हा बँकेतल्या खात्यावर यायचं, तिथे सोसायटीची वसुली कापली जायची आणि उरलेलं आप्पांच्या हाती पडायचं. त्यांच्या पासबुकात जमेच्या बाजूला भला मोठा आकडा आणि त्याच तारखेला नावेच्या बाजूला जवळपास तेवढाच. एवढे पैसे एका दिवसापुरते आपले होते, असं ते त्या पानावर बोट ठेवून आईला दाखवायचे. आई म्हणायची, "बघून झालं का? मग ठेवा ते."

म्हणून मला वाटतं की वाट बघणं काही कार्डानं आणलेलं नाही. पैसा एका हातातून निघून दुसऱ्या हातात पडेपर्यंत मध्ये काही काळ जातो, तो पूर्वीही जायचा. चेक क्लिअरिंगला गेला की चार दिवस कुणी विचारायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा राग आहे तो हा, की हा मधला काळ दरवेळी ज्याच्या खात्यात कमी आहे त्याच्याच अंगावर पडतो. खात्यात चार लाख असलेल्या माणसाचे एकतीस हजार अडकले तर त्याला ते कळणारही नाही. मला हप्ता परत गेल्यावर कळलं. आमच्या शाळेतल्या मावशींच्या खात्यात एकदा 640 रुपये होते आणि त्यातले 500 एटीएमनं न देताच वजा केले, तेव्हा त्यांना ते तिथे मशीनसमोर उभ्या उभ्याच कळलं.

क्रेडिट कार्डवाल्यांची यात वेगळीच चैन असते, हे मला गोव्यात समजलं. पणजीत हॉटेलवाल्यानं खोली देतानाच, जादा खर्चासाठी म्हणून, कार्डावर 5,000 रुपये अडवून ठेवले. मी डेबिट कार्ड दिलं होतं. आमच्या शेजारच्या काउंटरवर एका कुटुंबानं क्रेडिट कार्ड दिलं. त्यांची मर्यादा पाच हजारांनी कमी झाली, माझे पाच हजार कमी झाले. त्यांच्या बाबतीत अडकले ते बँकेचे. निघताना मी शहाणपणा करून बिल यूपीआयनं भरलं, म्हणजे तो आधीचा 5,000 चा शब्द तसाच हवेत लोंबकळत राहिला आणि सुटायला आठवडा लागला. त्याच कार्डावर बिल घ्या आणि आधी अडवलेलं त्यातच वळतं करा, असं सांगायला हवं होतं. आता सांगते. काउंटरवरची मुलं एकमेकांकडे बघतात, पण करतात.

ताईची मुलगी टेक्सासमध्ये शिकते, तिची कथा याहून वरची. तिथे पेट्रोल आपलं आपण भरायचं, पंपातच कार्ड घालून. पण कार्ड घातलं त्या क्षणी पंपाला कुठे माहीत असतं की ही मुलगी वीस डॉलरचं भरणार की टाकी फुल करणार? म्हणून तो आधी मोठी रक्कम अडवतो. व्हिसा आणि मास्टरकार्डनं 2022 मध्ये ही वरची मर्यादा 125 डॉलरवरून 175 वर नेली. भाचीच्या खात्यात होते 190. तिनं भरलं वीसचं. मग वाणसामान घ्यायला गेली तर कार्ड चालेना, आणि मागे रांग. आता ती आत जाऊन गल्ल्यावर सांगते, 'पाच नंबरच्या पंपावर वीस डॉलर.' मग तेवढेच जातात. मला फोनवर म्हणाली, "मावशी, इथं सगळं मशीन करतं, पण पैसे वाचवायचे तर माणसाशीच बोलावं लागतं."

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पैसे रोखून धरणं हे दरवेळी गिऱ्हाइकाच्या मुळावरच येतं असं नाही. आमच्या स्टाफरूममधले विज्ञानाचे सर दर आयपीओला अर्ज करतात. पूर्वी अर्जासोबत चेक जायचा, पैसे महिनाभर कंपनीच्या खात्यात, आणि शेअर नाही लागले की रिफंडची वाट. आता पैसे आपल्याच खात्यात राहतात, फक्त त्यांच्यावर बोजा चढतो. सेबीनं 2008 मध्ये ही पद्धत आणली आणि 2016 पासून सगळ्यांना सक्तीची केली. शेअर लागले तर रक्कम जाते, नाही तर बोजा उतरतो, आणि मधल्या काळाचं बचत खात्याचं व्याज आपल्यालाच. सर ॲप उघडून दाखवतात, "हे बघा मॅडम, अडकलेत, पण व्याज चालू आहे." त्यांच्या ॲपमध्ये कोणत्या कंपनीसाठी किती अडकले तेही लिहिलेलं असतं. म्हणजे ठरवलं तर रकाना काढता येतो.

माझ्या त्या अडकलेल्या एकतीस हजारांवरही व्याज चालू होतं म्हणा. आठ दिवसांचं व्याज मी काढलं आणि मग त्या आकड्याकडे बघून कॅल्क्युलेटर बंद केला.

त्यानंतर मी खाती वेगळी केली. यात फार मोठी अक्कल नाही. पगार ज्या खात्यात येतो त्या खात्याचं कार्ड मी कपाटात ठेवून दिलंय, ॲपमधून ते बंदही केलंय. त्या खात्यातून फक्त हप्ता, विमा आणि सोसायटीचा मेंटेनन्स जातो, आणि त्यात हप्त्याची रक्कम नेहमी दुप्पट असेल असं बघते. जमतं असं नाही, बघते. दर महिन्याला ठरावीक पैसे दुसऱ्या खात्यात टाकते, कार्ड त्याचंच वापरते आणि यूपीआयही त्यालाच जोडलंय. अडकायचं ते तिथे अडको. मोठी खरेदी पाच तारखेच्या आत करत नाही. आणि मशीन 'टाइम आउट' म्हणालं की दुसऱ्यांदा मारू देत नाही. आधी मेसेज आला का बघते, ॲपमधली खालची ओळ बघते, मग ठरवते. परवा चपलांच्या दुकानात मी अशी फोन हातात घेऊन पाच मिनिटं उभी होते. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, हजार रुपयांसाठी एवढं?" मी म्हटलं, "हो."

तिसरं खातं गावाकडच्या बँकेत आहे, आप्पांनी मी दहावी झाले तेव्हा काढून दिलेलं. त्यात पाच-सहा हजार असतात, अगदीच अडलं तर. दोन वर्षं आपण काही व्यवहार केला नाही की बँक खातं निष्क्रिय करते, म्हणून दर दिवाळीला मी त्यात शंभर रुपये भरते आणि पासबुक छापून आणते. त्या पासबुकात आहे ते आहे. एकच शिल्लक. तिथला कॅशियर विचारतो, "एवढंसंच?" दरवर्षी विचारतो.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. दादाला ठिबक करायचंय, त्यासाठी कर्ज काढतोय. आधी ऊस, पाऊस, वहिनीचे गुडघे असं सगळं झालं. मग म्हणाला, "बँक म्हणतेय, इतर हक्कातल्या लोकांच्या सह्या पाहिजेत."

मी उतारा काढून बघितला. हल्ली डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, पंधरा रुपयांत. आप्पा 1998 साली गेले. वारसनोंद झाली तेव्हा भोगवटादार म्हणून दादाचं नाव लागलं आणि ताईचं नि माझं त्या काळच्या रिवाजानं इतर हक्कात. हे मला माहीत होतं, म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं, पण मी कधी पाहिलं नव्हतं. फोनच्या पडद्यावर बोटांनी मोठं करून वाचलं. सोसायटीचा जुना बोजा, कंसात. त्याच्याखाली आणखी एक, तोही कंसात. त्याच्याखाली ताईचं माहेरचं नाव आणि त्याच्याखाली माझं, फेरफाराच्या नंबरासकट. त्यांना कंस नाही. सत्तावीस वर्षं मी तिथे आहे. काही मागितलं नाही, काही सोडलंही नाही.

दादानं रात्री पुन्हा फोन केला. "कधी जमेल तुला? त्यांनी आठ तारखेपर्यंत मुदत दिलीय."

"येते," म्हणाले. नुसती संमती द्यायला येते की हक्कसोड करून द्यायला, ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.